पट्टीमामा आणि पहिला चेहरा

पट्टीमामांनी एकतीस वर्षांत एकाही पोराला ‘दुखतंय का?’ असं विचारलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला मला संकोच नाही.

ते मुलांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि सहा आठवड्यांनी ते कापायचं. हात असा की बघत राहावं. प्लास्टरचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचे, पोर गार पाण्याने दचकू नये म्हणून. प्लास्टर कापायची घरघरणारी करवत आधी स्वतःच्या तळहातावर टेकवायचे आणि पोराला म्हणायचे, बघ, मला कुठे कापलं? पट्टीचं टोक खोचून झालं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘झालं ना?’ पोर मान हलवायचं. दुखण्याचा विषयच निघायचा नाही.

आमची वस्ती पुलाच्या पलीकडे. आमचे पणजे कामासाठी इथे आले आणि इथेच मातीआड झाले. पण आमचा रंग इथल्या लोकांपेक्षा गडद, केस वेगळे, आडनावं ऐकल्याबरोबर कळणारी. म्हणून चौथ्या पिढीतही आम्ही ‘पलीकडचे’. शाळेत तोच शब्द, रेशनच्या रांगेत तोच, दवाखान्यातही तोच. केसपेपरवर नाव लिहिताना खिडकीतली बाई मान वर न करता विचारायची, पलीकडचे का? आम्ही हो म्हणायचो. पुलावरून आलो होतो, नाही कसं म्हणणार?

त्या दवाखान्यात झाडू सोडून दुसरं काम मिळालेले आमच्यातले पहिले म्हणजे पट्टीमामा. त्यामुळे आत काय बोललं जातं ते त्यांना ऐकू यायचं. त्यांच्यासमोर कुणी जीभ आवरायचं नाही, कारण ते कपाटासारखे तिथलेच झाले होते. पलीकडच्यांची पोरं दणकट असतात. त्यांची कातडी जाड, सुईआधी बधिर करायचं औषध कशाला वाया घालवता. त्यांच्या आया उगीच कांगावा करतात. इकडचं पोर रडलं की बिचारं, आमचं रडलं की वळण नाही. मामा हे ऐकत पट्ट्या गुंडाळत राहायचे. आणि ऐकून ऐकून त्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे एक वाट काढली. ही माणसं आपल्याला बेशिस्त समजतात ना? मग आपण इतकं शिस्तीत राहायचं की ह्यांना बोलायला जागाच उरू नये.

संध्याकाळी त्यांच्या पायरीवर शाळा भरायची. दवाखान्यात जाताना धुतलेले कपडे, कापलेली नखं, विंचरलेलं डोकं. डॉक्टरांनी विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायचं. आणि काही झालं तरी रडायचं नाही. त्याचा सराव म्हणून चिमट्याचा खेळ होता. मामा दंडाला चिमटा काढायचे, आधी हलका, मग जरा जोरात. जो आवाज काढणार नाही त्याला गोड गोळी. पोरं रांग लावायची, गोळीसाठी दोन-दोनदा येऊन उभी राहायची. ह्या खेळात कधीच न हरणारी एकच होती, त्यांची नात. आठ वर्षांची, लुकडी, डोळे मोठाले. चिमटा काढला की ती आजोबांच्याच तोंडाकडे बघत राहायची, आणि मामांची छाती फुगायची.

दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता. सहा चेहरे, सगळे गुलाबी. पहिला हसरा, पुढचे एकेक करून उतरत गेलेले, सहावा रडणारा. किती दुखतंय ते लहान मुलांना सांगता येत नाही म्हणून त्यांनी चेहऱ्यावर बोट ठेवायचं, अशी सोय. आमच्या गल्लीतल्या पोरांना तो तक्ता मामांनी आधीच समजावून ठेवला होता. पहिला चेहरा म्हणजे शहाणं मूल. बोट तिथे ठेवायचं.

माझं आणि मामांचं ह्यावरून कायम वाजायचं. मी शिवणकाम करते. शाळा सातवीत सुटली, नियम आणि कायदे मी मशीनवर पाय हलवत वाचले, म्हणून गल्ली मला वकीलीण म्हणते. काही जण कौतुकाने म्हणतात, बाकीचे दात काढून. माझ्या मुलाचा हात मोडला तेव्हा दोन तास बाकावर बसवलं होतं आणि आमच्यानंतर आलेली तीन पोरं आत गेली होती. मी ओरडले. अख्खा दवाखाना गोळा केला. मामांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले की, वकीलीणबाई, तुम्ही ओरडून घरी जाल, उद्या जे आपले दहा जण येतील त्यांना हे भोगावं लागेल. मी म्हणाले, मामा, तुम्ही त्यांच्या पट्ट्या बांधा, माझं तोंड बांधू नका.

पण खोटं कशाला लिहू? त्यानंतर माझ्या मुलाच्या केसपेपरवर कोपऱ्यात लाल शाईची फुली आली, आणि ती फुली बघून प्रत्येक खोलीतला आवाज बदलायचा. मामा सांगत होते ते वेड्यासारखं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं होतं त्यातूनच ते आलं होतं. म्हणून तर त्याचा जास्त राग येतो.

मग त्यांच्या नातीचं पोट दुखायला लागलं.

त्यांची सून तिला घेऊन सकाळी दवाखान्यात गेली. पोरगी दोन रात्री झोपलेली नव्हती, वाकून चालत होती. ड्युटीवरच्या डॉक्टरने पोटावर एकदा हात ठेवला, तक्ता दाखवला. पोरीने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. सून म्हणाली, साहेब, ही रात्रभर कण्हत असते. डॉक्टर म्हणाला, मग इथे एवढी शांत कशी? सुनेला वाटलं की आपणच कांगावा करणाऱ्या आयांपैकी ठरू, आणि ती गप्प झाली. कागदावर लिहिलं गेलं, ‘मूल शांत, हसतमुख, वेदना नाही’. एक गोड औषध दिलं आणि घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलेल्या अवस्थेत पोरीला परत नेलं. मोठं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ती वॉर्डात होती. वाचली. पोटावर वीतभर वण घेऊन वाचली.

त्या तीन आठवड्यांत तिची जखम मामाच धूत होते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. मी तिला बघायला जायचे तेव्हा हे रोज दिसायचं. पट्टी काढायची, पू पुसायचा, नवी पट्टी घालायची. पोरगी चादर मुठीत धरून छताकडे बघायची. शेवटी मामा विचारायचे, ‘झालं ना?’ आणि ती मान हलवायची. मामा मात्र त्या दिवसांत कुणाच्याच नजरेला नजर भिडवत नव्हते. मला वाटलं, म्हातारा नातीच्या काळजीने खचलाय.

मी तक्रार लिहिली. तीन कागद, दोन्ही बाजूंनी. मामांच्या मुलाने सही केली. तो शांत माणूस, गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपून काम करणारा, पण सही करताना पेन कागदात रुतलं होतं. तो वडिलांना म्हणाला, बाबा, तुम्ही आत आहात म्हणून मी तिला तिथे पाठवलं होतं.

दोन महिन्यांनी चौकशी लागली. लांबट खोली, मोठं टेबल, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास. टेबलाच्या त्या बाजूला दवाखान्याचे मोठे डॉक्टर, लिहून घेणारा कारकून, ड्युटीवरचा तो डॉक्टर आणि नुकतीच तिथे लागलेली एक तरुण डॉक्टर. तिला सगळे डॉक्टरताई म्हणायचे. ह्या बाजूला मुलगा, सून आणि मी. मी कलमं पाठ करून गेले होते. पण मोठ्या डॉक्टरांनी एकच कागद वाचला. मुलीने स्वतः पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवले, अशी त्या दिवशीची नोंद आहे. मूलच दुखत नाही म्हणत असेल तर आम्ही काय करायचं? सून पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

मामांना त्यांनी फक्त एवढ्यासाठी बोलावलं होतं, की त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत तुम्ही हजर होतात का? हो म्हणायचं, कागदावर सही करायची आणि जायचं. ड्रेसिंगच्या खोलीचं दार तपासणीच्या खोलीत उघडतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. त्या दारात कोण उभं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मामा गप्प राहिले असते तर आजही कुणाला कळलं नसतं. मला नाही, त्यांच्या मुलालाही नाही.

ते उठून उभे राहिले. नखांत प्लास्टरची पांढरी पूड होती.

‘होतो. दारात होतो,’ मामा म्हणाले. ‘बोट ठेवायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.’

कारकुनाचं पेन थांबलं. मामांनी पुढचं कुणाकडे न बघता सांगितलं. तिला मीच शिकवलंय. गल्लीतल्या सगळ्या पोरांना मीच शिकवलंय. तिचा चेहरा पांढरा पडला होता, मला दिसत होतं, आणि तरी ती रडत नाही म्हणून मला बरं वाटलं.

मोठ्या डॉक्टरांनी कागद मिटायला घेतला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. ते म्हणालेच, की म्हणजे हे तुमच्याच लोकांनी शिकवलेलं आहे, ह्यात दवाखान्याचा काय दोष? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार तेवढ्यात डॉक्टरताई बोलली. ती वरिष्ठांकडे बघतच नव्हती.

‘मामा, हे शिकवायची वेळ तुमच्यावर का आली?’

एकतीस वर्षांत तो प्रश्न मामांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी फक्त भांडले होते. मामांनी कपाटातल्या सामानाची यादी वाचावी तसं सपाट आवाजात सांगायला सुरुवात केली. त्यांची पोरं दणकट असतात. कातडी जाड असते. औषध वाया घालवू नका. वळण नाही. कांगावा करतात. कोण म्हणालं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसती वाक्यं सांगितली, एकामागून एक, आणि ती संपतच नव्हती. ड्युटीवरचा डॉक्टर ग्लासावरचं झाकण फिरवत होता. मधेच एका वाक्याला मोठ्या डॉक्टरांनी डोळे खाली घेतले. ते वाक्य कुणाचं होतं ते मला तेव्हा कळलं.

जिन्यात मुलगा वडिलांसमोर थांबला. मी दोन पायऱ्या वर होते.

‘बाबा, तुम्ही तिथे उभे होतात,’ तो म्हणाला.

तेवढंच. त्या महिन्यात त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. सामान हलवायला गल्लीतले चौघे गेले, मामांना बोलावलं नाही. मामा पायरीवर बसून बघत होते. पोरीची चप्पल एका पोत्यातून खाली पडली, ती त्यांनी उचलून दिली.

चौकशीचं काय झालं ते विचाराल. ड्युटीवरच्या डॉक्टरला समज दिली. समज म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही. तो तिथेच आहे, आता पोट दोनदा दाबून बघतो म्हणे. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करायची घाईही नाही.

काम केलं ते डॉक्टरताईने. तिने जुने केसपेपर काढायला लावले. हाड मोडून आलेल्या पोरांपैकी वेदनेचं औषध कुणाला मिळालं, किती वेळाने मिळालं, पुलाच्या कुठल्या बाजूच्या पोराला मिळालं. मला त्यात नवीन काही नव्हतं. पण जे आम्ही सांगायचो तेव्हा कांगावा होता, ते रकान्यांत उतरल्यावर मोठ्या डॉक्टरांनाही वाचावं लागलं. लाल फुल्या बंद झाल्या. टाके घालताना सगळ्यांना बधिर करायचं, कातडी कुठलीही असो, असा नियम भिंतीवर लागला. आईला काय वाटतं ते तिच्याच शब्दांत लिहायचं, असा कागदावर नवा रकाना आला. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं डोकं रोज सकाळी दुखायचं. चार डॉक्टरांनी डोळे तपासले होते. हिने विचारलं, शाळेत कुणी काही बोलतं का? तेव्हा कळलं की त्याचा हात लागला की बाकावरची पोरं हात पुसायची, रोज, हसत हसत. सुट्टीत त्याचं डोकं दुखत नव्हतं. हिने औषध लिहिलं नाही, शाळेला पत्र लिहिलं, आणि उत्तर येईना तेव्हा स्वतः जाऊन आली.

तक्ताही बदलला. नव्या तक्त्यात सगळ्या रंगांचे चेहरे होते. मी तिला टोचलं, डॉक्टरताई, चेहऱ्यांना रंग फासून काय होणार? ती चिडली नाही. म्हणाली, नुसत्याने काहीच नाही, म्हणून पोट दुखणाऱ्या पोराला मी आधी उडी मारायला सांगते, आत काही बिघडलं असेल तर उडी मारवत नाही, उडी खोटं बोलत नाही. बाई मला आवडली. हे मी तिला सांगितलं नाही.

आणि मामा? मामांनी नोकरी सोडली आणि दारोदार हिंडायला लागले. ज्या घरांत शिकवलं होतं त्या प्रत्येक घरात जाऊन ते पुसायचं, हे त्यांनी अंगावर घेतलं. लोक ऐकून घेतात होय? एकजणी म्हणाली, मामा, इतकी वर्षं पोरांना गप्प बसवलंत, आता रडवायला आलात? दुसऱ्याने दारच उघडलं नाही. पायरीवर त्यांनी चिमट्याचा खेळ उलटा सुरू केला, जो ओरडेल त्याला गोळी. पोरं वस्ताद, चिमट्याच्या आधीच बोंबलायची. समोरच्या माळ्यावरून कुणी तरी बादलीभर पाणी ओतलं. मामा भिजून तसेच बसले आणि पोरं हसली. मग पोरांनाही कंटाळा आला. मोठी झालेली पोरं तर पुलावरून येता-जाता तोंड फिरवायची. त्यांना आपापल्या दंडावरचे चिमटे आठवत असतील.

त्यांच्या खोलीत मी कधीमधी शिवलेले कपडे द्यायला जायचे. एक खिडकी, एक खाट, फळीवर दोन ताटं, त्यातलं एक पालथं. जुन्या पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या. ते त्या गुंडाळत बसायचे, घट्ट, एकसारख्या, आणि सगळ्या संपल्या की एकेक सोडून परत गुंडाळायचे. चहा द्यायचे आणि पुन्हा पट्टी हातात घ्यायचे.

डॉक्टरताईने त्यांना दवाखान्यात बाकावर बसायची परवानगी दिली. पगार नाही, खुर्ची नाही, फक्त बाक. पलीकडची पोरं आली की मामांनी त्यांना सांगायचं, इथे दुखलं तर सांगायचं असतं. काही पोरं ऐकायची. बऱ्याच आया पोराला त्यांच्यापासून दोन हात लांब बसवायच्या.

चौकशीनंतर नऊ महिन्यांनी सून पोरीला घेऊन आली. वण अजून ओढत होता, डॉक्टरताईला दाखवायचा होता. मी त्या दिवशी शेजारणीच्या बाळाला घेऊन तिथेच होते. सुनेने मामांना बघितलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. पोरगी उंच झाली होती. तिने आजोबांकडे एकदा बघितलं, मग चपलेच्या पट्ट्याकडे.

नंबर आला, त्या दोघी आत गेल्या. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच असतं. मामा उठले, पायांनी त्यांना आपसूक दारापाशी नेलं. आत डॉक्टरताई वणाच्या कडेने दाबत होती आणि दुसऱ्या हाताने तक्त्याकडे दाखवत होती. पोरगी टेबलावर आडवी होती. तिने मान वळवली आणि दाराकडे बघितलं, तशीच, मोठ्या डोळ्यांनी, काय करू असं विचारणारी.

मामा बाजूला झाले. दारातून सरकून भिंतीला पाठ लावली, जिथून ते तिला दिसणार नाहीत, आणि तीही त्यांना दिसणार नाही. हात मागे घट्ट धरलेले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. त्या पाच मिनिटांत म्हाताऱ्याची मान जागची हलली नाही.

सून कागद घ्यायला खिडकीकडे गेली तेव्हा पोरगी मागे राहिली. भिंतीशी उभ्या असलेल्या आजोबांसमोर ती आली. मामांचे ओठ दोनदा हलले.

‘दुखलं का?’ त्यांनी विचारलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘चौथा चेहरा दाखवला मी.’ आणि जरा थांबून, ‘डॉक्टरताईंना सांगितलं. तुम्हाला नव्हते सांगणार.’

सुनेने हाक मारली. पोरगी गेली. जाताना तिने मागे वळून बघितलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण तिने बघितलं नाही.

मामा बाकावर येऊन बसले. मी शेजारी सरकले. त्यांनी मला विचारलं, चौथाच म्हणाली ना? मी म्हणाले, चौथाच. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. शेजारणीचं बाळ रडायला लागलं म्हणून मी उठले, आणि दाराशी जाऊन मागे बघितलं तर दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती, सफाईवाली बाई फरशी पुसत आली होती, आणि मामांना पाय तेवढे वर उचलायला सांगून ती त्यांच्याभोवतीची जागा पुसत होती.